भाड्याच्या घरात दहा दिवसांचा दिवा

लिहून ठेवणार : भिमाजी धोंडीराम थेटे, वय वर्षे ७४, रेल्वेतून निवृत्त तिकीट तपासनीस, राहणार म्हसरूळ, नाशिक, दुसऱ्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट.

कारणे लिहून ठेवतो की, माझी शुद्ध शाबूत आहे. साखर आहे, गुडघे गेले, डोकं गेलेलं नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग आहे, पण तो आजचा नाही, म्हणून हे रागाच्या भरात लिहिलं असं कोणी म्हणू नये. सकाळचा चहा घेऊन, खिडकीजवळ बसून, सावकाश लिहितो आहे.

१. घर. माझ्या नावावर घर नाही. नोकरीभर मनमाडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहिलो. दिंडोरीकडच्या जमिनीवरचा हक्क भावांसाठी सोडला, त्याचं दुःख नाही. निवृत्त झाल्यावर माझी पत्नी नवसाबाई हिच्या उपचारांसाठी नाशिकला आलो आणि हा फ्लॅट भाड्याने घेतला. मालकीण मंजुषाताई पुण्यात राहतात. घराचा कारभार कुंदन देवराम विधाते पाहतो. त्याच्या कार्डावर 'प्रॉपर्टी मॅनेजर' छापलेलं आहे. आपण एजंट म्हणू. घर माझं नसल्याने ते मी कोणाला देऊ शकत नाही. पण या घराकडून मला एक गोष्ट हवी आहे. ती कलम ५ मध्ये लिहिली आहे आणि तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

२. बँकेतली शिल्लक आणि नवसाच्या अंगावरचं सोनं माझी मुलगी शुभांगी, राहणार विंचूर, हिला मिळावं. जावई भला माणूस आहे, विचारणारही नाही.

३. डिपॉझिट. तेही शुभांगीचंच, पण ते कुंदनच्या हातातून सोडवायचं आहे, म्हणून पोरीला सावध करतो. दर अकरा महिन्यांनी करार नवा होतो आणि दर वेळी हा एक महिन्याचं भाडं 'रिन्यूअल फी' म्हणून घेतो. कशाची फी? मी तिथेच, घर तिथेच, पंखासुद्धा तोच. बदलते ती तारीख! करार रजिस्टर करायचे पैसे घेतो आणि नोटरीच्या शिक्क्यावर भागवतो. बाथरूमचं छत गळतं म्हणून सांगितलं तर म्हणाला, "काका, पाऊस संपला की थांबेल." थांबलं. तर 'वॉटरप्रूफिंग देखरेख' म्हणून पावती फाडली. मी जन्मभर बिनतिकीट लोक पकडले. कोणी संडासात लपायचे, कोणी झोपेचं सोंग घ्यायचे, पण पकडल्यावर मान खाली घालायचे. हा गृहस्थ पकडला गेला की वर सर्व्हिस चार्ज मागतो. शुभांगी, तो रंगाचे पैसे कापायला बघेल. या भिंतींना मी आल्यापासून ब्रश लागलेला नाही. एक रुपया सोडू नकोस.

४. वस्तू. गीझर आणि खिडकीची जाळी मी स्वतःच्या पैशाने बसवली आहे. दोन्ही खालच्या मजल्यावरचे भाडेकरू सोमनाथ झिपरू बागूल यांना द्यावीत. ते रिक्षा चालवतात. नवसाला दवाखान्यात न्यायचं तेव्हा त्यांनी कधी मीटर टाकलं नाही. देव त्यांचं भलं करो. माझा काळा कोट शुभांगीने ठेवावा.

कुंदन विधाते यालाही रिकाम्या हाताने पाठवणार नाही. गळक्या छताखाली ठेवायची निळी बादली त्याला द्यावी, कारण त्या छताची देखरेख खरं तर तिनेच केली. शिवाय हॉलमधला एक खिळा. नवसा गेल्यावर तिचा फोटो लावायला मी तो ठोकला, आणि याने 'वॉल डॅमेज' लावून पैसे घेतले. म्हणजे खिळा विकत घेतल्यासारखाच झाला की! शुभांगीने फोटो काढून घ्यावा. खिळा त्याने स्वतः येऊन उपटावा आणि भोक स्वखर्चाने बुजवावं.

५. माझा अंत्यविधी. दोन वर्षांपूर्वी श्रावणात नवसा दवाखान्यात वारली. आम्ही तिला घेऊन आलो तेव्हा कुंदन फाटकात उभा होता. म्हणाला, "काका, दुःख आहे, समजतं मला. पण बॉडी वर नेता येणार नाही. मालकिणीचा नियम आहे. घरात मयत ठेवलं की पुढे भाडेकरू मिळत नाही." शुभांगीने सोमनाथच्या घरातून पाणी आणलं, गाडीतच आईचं तोंड पुसलं, कुंकू लावलं. शेजारच्या बायका रस्त्यावर उभ्या राहून पाया पडल्या. तिथूनच अमरधामला नेली. जो उंबरा ती रोज पुसायची, त्यावरून तिला आत नेता आलं नाही. दहा दिवस दिवा ठेवायचा, तर त्यालाही नकार. धूर होतो म्हणे. दिवा शेवटी विंचूरला लावला. ही बाई कुठेही लग्नाला गेली तरी म्हणायची, "झोपायला आपल्या घरी जाऊ हो."

पुढे मंजुषाताईंचा सांत्वनाचा फोन आला. मी नियमाबद्दल विचारलं. "अहो काका, मी असं कशाला म्हणेन? माझे सासरे त्याच हॉलमध्ये गेले. दिवाही तिथेच होता." म्हणजे नियम एजंटाने स्वतःच्या पोटातून काढलेला! मी म्हटलं, मग काढून टाका त्याला. तर म्हणतात, "काढलं असतं हो, पण भाडं कोण गोळा करणार? तुम्ही दोघं जरा समजुतीने घ्या." बाई बोलायला गोड, कामाला शून्य. आणि कुंदन? मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस. याहून सभ्य शब्द मला सापडला नाही.

गेल्या आठवड्यात तो नवा करार घेऊन आला. नेहमीसारखं म्हणाला, "वाचायचं काय त्यात काका, सही करा." मी वाचला. चौदावं कलम नवीन होतं : जागेत प्रेत आणण्यास व मृत्यूनंतरचे कोणतेही विधी करण्यास मनाई. माझ्यासाठीच घातलेलं. मी सही केली नाही. "मंगळवारी येतो," म्हणाला, "या वयात एकट्या माणसाला दुसरं घर कोण देतं, तेवढा विचार करा." आज मंगळवार आहे.

तरी माझी शेवटची इच्छा अशी : मी कुठेही मेलो तरी मला याच घरात, जिन्याने वर, हॉलमध्ये आणावं. कोमट पाण्याने आंघोळ घालावी. नवसाच्या फोटोखाली दहा दिवस दिवा ठेवावा. माझ्यासाठी एक आणि तिचा राहून गेलेला एक.

६. खाली सही करणारे साक्षीदार क्र. २ या घराची व्यवस्था पाहतात. ते आपल्या सहीने कबूल करतात की कलम ५ मधल्या इच्छेस त्यांची हरकत नाही, करारातलं चौदावं कलम त्यांनी मागे घेतलं आहे, आणि नवसाबाईच्या वेळी मालकिणीचं नाव घेऊन ते खोटं बोलले. शुभांगीने हा कागद त्या दिवशी फाटकात दाखवावा.

हा बेत सोमनाथला सांगितला तेव्हा मी जरा साशंक होतो. तो म्हणाला, "बाबा, त्यो वाचनारच नाय. त्याला लय घाई असती."

ठिकाण : म्हसरूळ, नाशिक. वार मंगळवार, दिनांक १८ नोव्हेंबर २०२५.

सही : भिमाजी धोंडीराम थेटे

आम्हा दोघांसमक्ष लिहून ठेवणाऱ्याने सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही केली :

१. सोमनाथ झिपरू बागूल

२. कुंदन देवराम विधाते

ता. क. सोमनाथसमोर मी कुंदनला स्पष्ट सांगितलं की हे माझं मृत्युपत्र आहे, वाचून सही कर. "शंभर वर्षं जगाल काका," म्हणाला, आणि खिशातून पेन काढलं. त्याने एकच प्रश्न विचारला, "सही कुठे कुठे करू?" मी म्हटलं, प्रत्येक पानावर. प्रत्येक पानावर केली.