जीवाणूंना शिस्त

२ एप्रिल
तळं पूर्ण झालं. खड्डा, रबरी कापड, कडेचे दगड, पंप, फिल्टर, सगळं माझ्या देखरेखीखाली. खणलं दोन मजुरांनी, पण देखरेख नसती तर नुसता खड्डाच राहिला असता. नळाला पाइप लावून दुपारी काठोकाठ भरलं. तळाचा खडा न् खडा दिसतो. सगळ्या बेव्हर्ली गावात एवढं स्वच्छ तळं दुसरं नसेल.

जूनच्या मध्यावर यात माझ्या बायकोचे, हिलरीचे मासे येणार. म्हणजे तिच्या भावाचे, लायोनेलचे. लायोनेल जानेवारीत गेला. हल शहरातलं त्याचं घर विकलं गेलंय आणि नवे मालक तळं बुजवून तिथे कॅराव्हॅन उभी करणार आहेत. कोई जातीचे दोनच मासे उरलेत, कर्नल आणि ग्लॅडिस. दोघंही माझ्या हाताएवढे लांब. बायको म्हणाली, नेव्हिल, यांचं नीट झालं पाहिजे. मी म्हटलं, तू फक्त बघ.

पुस्तकात वाचलं, नव्या तळ्यात आधी चांगले जीवाणू वसवावे लागतात. माशांच्या घाणीचा अमोनिया होतो, तो माशांच्या जिवावर उठतो, आणि जीवाणू तो खाऊन त्याचं आधी नायट्राइट आणि मग निरुपद्रवी नायट्रेट करून टाकतात. एवढंच. जन्मभर ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेतल्या, भल्याभल्यांना वळण लावलं. जीवाणू म्हणजे काय मोठे लागून गेले.

जीवाणूंची बाटली आणली, ओतली. तिच्यावर बारीक अक्षरात नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जीवाणू मरतात असं काहीतरी होतं. बारीक अक्षर धांदरट लोकांसाठी असतं.

९ एप्रिल
पाणी तपासलं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट शून्य. पहिल्याच फेरीत पास.

शेजारच्या एनिड रॅन्समला कुंपणावरून निकाल दाखवला. ती निवृत्त दंतवैद्य. तिचं तळं म्हणजे शेवाळ आणि बेडूक. तरुणपणी मी तिला ड्रायव्हिंगमध्ये तीनदा नापास केलं होतं. कृतज्ञ असावी, कारण दर भेटीत आठवण काढते. ती म्हणाली, ज्या हॉटेलात गिऱ्हाईकच नाही तिथली भांडी स्वच्छच असणार. तुझ्या तळ्यात खायला काही नाही, म्हणून खाणारेही नाहीत.

मत्सर. दुसरं काय.

१३ एप्रिल
तरी विचार केला, जीवाणूंना खायला द्यायला हरकत नाही. माशांच्या खाद्याचा अख्खा डबा पाण्यात रिकामा केला. चिमूटभर घाला असं पुस्तकात आहे, पण मी यजमान म्हणून कंजूष नाही.

१९ एप्रिल
वास येतोय. हिलरी म्हणते, ड्रेनेज तुंबलंय का. अमोनियाच्या चाचणीची नळी गडद हिरवी. रंगांच्या तक्त्यात एवढा गडद रंगच नाही. म्हणजे आपण तक्त्याच्याही पुढे गेलो.

२० एप्रिल
सगळं पाणी उपसलं. कापड ब्रशने घासलं. पुन्हा नळाने भरलं, नवी बाटली ओतली, खाद्य या वेळी अर्धाच डबा. मागच्या तुकडीत दम नव्हता.

१ मे
नवीन नियम. फिल्टर दर रविवारी नळाखाली धुवायचा. पंप रात्री बंद. दिवसभर राबल्यावर जीवाणूंनाही झोप हवी, शिवाय त्याची घरघर मला ऐकू येते.

८ मे
एनिड एक पिशवी घेऊन आली. आत तिच्या फिल्टरमधला स्पंज. काळाकुट्ट, बुळबुळीत, वास तर विचारू नका. म्हणाली, यात जुने मुरलेले जीवाणू आहेत, तसाच तुझ्या फिल्टरमध्ये टाक. दह्याला विरजण लागतं ना, तसं.

असली वस्तू माझ्या फिल्टरमध्ये तशीच टाकायची? भांड्यांचा साबण लावून, गरम पाण्यात पिळून पिळून धुतला. मूळ रंग पिवळा निघाला. एनिडला दाखवला. ती बराच वेळ स्पंजकडे बघत राहिली आणि चहा न घेताच घरी गेली. भारावली असावी.

१५ मे
अमोनिया आहे तसाच. नायट्राइटचा पत्ता नाही. पाणी मात्र चकचकीत.

जेवताना हिलरी मटाराकडे बघत म्हणाली, मी एनिडला सगळं विचारून घेतलंय. मी म्हटलं, कशाला, पुस्तक आहे की. तिने काटा खाली ठेवला.

"नेव्हिल, लायोनेल फोनवर माझ्याशी कधी धड बोलला नाही. पण मी त्याच्याकडे गेले की तो मला तळ्यावर न्यायचा, माझ्या हातात खाद्य द्यायचा, आणि ग्लॅडिस माझ्या तळहातातून खायची. आम्ही दोघं तेवढंच करायचो. ती तुझ्या या पाण्यात मेली, तर मी तुला काही बोलणार नाही. पण मला परत हसवायला येऊ नकोस."

बशा धुतल्या. अशा धुतल्या की हिलरीने पुन्हा धुतल्या.

१६ मे
मन लावून काम करायचं ठरवलं. मोठ्या दाबाने पाणी मारणारं यंत्र भाड्याने आणलं. फिल्टरचा कोपरा न् कोपरा चकाचक करणार. जीवाणूंना नवीन घर मिळेल.

१७ मे
यंत्राने उलटा झटका दिला. मी दगडावर, दगड कमरेत. डॉक्टर म्हणाले हाड शाबूत आहे, पण पडून राहायचं. वाकायचं नाही. किती दिवस, विचारलं तर म्हणाले, वाकावंसं वाटेनासं होईपर्यंत.

२२ मे
अंथरुणातून. खिडकीतून निम्मं तळं दिसतं. देखरेख चालू आहे. एनिड रोज येते. दोघी तळ्याकाठी खुर्च्या टाकून चहा पितात. काम काहीच करत नाहीत. फिल्टर रविवारी धुतला नाही. ओरडून आठवण केली. हिलरीने खालून हात हलवला.

पंप रात्रभर चालू असतो, जीवाणूंना हवा लागते म्हणे. मी काही म्हटलं नाही. कमरेमुळे तसाही जागाच असतो.

३० मे
पाणी हिरवं. वाटाण्याचं सूप. हिलरीला वर बोलावून म्हटलं, तुझ्या हलगर्जीपणामुळे माझी दोन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. ती म्हणाली, पाण्यातच होती. आणि खाली निघून गेली. खाली दोघी हसत होत्या. मला हिलरीचं हसणं जानेवारीनंतर पहिल्यांदा ऐकू आलं, म्हणून मी मुद्दा सोडून दिला.

५ जून
निकाल खालून ओरडून कळतात. अमोनिया उतरतोय. नायट्राइट वर.

१२ जून
अमोनिया शून्य. नायट्राइट शून्य. नायट्रेट आहे, म्हणजे जीवाणू कामाला लागले. पाणी निवळलं. एप्रिलमध्ये मी घातलेल्या पायाचं हे फळ. मुरायला वेळ लागतो.

चौकशी केली तेव्हा कळलं, एनिडने आणखी एक स्पंज आणून न धुता टाकला होता. पाण्यातला क्लोरीन मारायचं औषधही दोघींनी घातलं होतं. म्हणजे माझ्याच योजनेची अंमलबजावणी, तपशिलात किरकोळ फरक.

१५ जून
मासे आले. हलहून व्हॅनमधून, मोठ्या पिंपात. मी काठी टेकत तळ्यापर्यंत गेलो. कर्नल सोडल्या सोडल्या दगडाखाली जाऊन बसला. ग्लॅडिस मधोमध थांबून राहिली. हिलरी गुडघ्यांवर बसली, तळहातावर चार दाणे घेऊन हात पाण्यात धरला.

बराच वेळ काही झालं नाही. मग ग्लॅडिस हळूहळू आली, तोंड उघडलं आणि दाणे गेले.

"हात थंड आहेत म्हणून वेळ लावला तिने," हिलरी म्हणाली. रडत होती आणि हसतही होती. मी नाक शिंकरलं. परागकण फार आहेत यंदा.

२८ जून
कंबर पूर्ण बरी. सकाळी ब्रश घेऊन तळ्याकडे निघालो तर हिलरी आणि एनिड वाटेतच उभ्या. हिलरी म्हणाली, तुझ्यासाठी एक भेट आहे. बागेच्या पार दुसऱ्या टोकाला, कंपोस्टच्या पलीकडे, लाकडी पिंप अर्धं कापून ठेवलंय. पाणी भरलेलं, त्यात एक कमळाचं रोप. यात तुला हवं ते कर, म्हणाली. अगदी काहीही.

स्वतंत्र कारभार. माझ्या अनुभवाची कदर झाली.

दुपारी बघतो तर पिंपाच्या काठावर एक बेडूक. पहिला रहिवासी, आपणहून आलेला. त्याचं नीट स्वागत व्हावं म्हणून पिंप घासायचा ब्रश आणायला वळलो. परत आलो तेव्हा तो गवतातून उड्या मारत मोठ्या तळ्याकडे निघाला होता.

खुर्चीतल्या हिलरीने पाय आखडून त्याला वाट करून दिली.