खडूच्या चौकोनातलं मशीन

४ सप्टेंबर, सकाळ

आजपासून रोज लिहायचं. मागची वही बोटीवर राहिली, तिच्या आधीची भिजली, त्याच्या आधी मी लिहीत नव्हतो.

परिस्थिती अशी. ताईकडे आलोय. मागची खोली मिळाली. कॉट आहे, खिडकी आहे, आणि स्वयंपाकघरातल्या लोखंडी शेगडीचं धुराडं माझ्या भिंतीला लागून वर जातं. म्हणजे हिवाळ्यात फुकट ऊब. इतक्या ठिकाणी राहिलो, भिंत गरम असलेली खोली पहिलीच.

अट एकच. भाऊजींनी अंगणातलं वठलेलं झाड पाडून ओंडके केले आणि शेवटच्या ओंडक्याला त्यांचा खांदा निखळला. हात गळ्यात. शाळेची बस चालवायचे, सध्या डेपोच्या गेटवर बसून दुसऱ्यांच्या बस बघतात. तर ओंडके मी फोडायचे आणि थंडीच्या आत शेडमध्ये रचायचे. मग हिवाळाभर राहा, ताई म्हणाली. कुऱ्हाड शेडमध्ये आहे, असंही म्हणाली.

संध्याकाळ

कुऱ्हाड बघितली. जड आहे.

मागे एका बागेत कामाला होतो, तिथे लाकूड फोडायचं मशीन पाहिलं होतं. ओंडका आडवा ठेवायचा, दांडा ओढायचा, पिस्टन ओंडक्याला पाचरीवर ढकलतो, फाट्. एका हातात चहा घेऊन होतं सगळं. मग कुऱ्हाड कशासाठी?

ठराव: मशीन घ्यायचं. प्रश्न एवढाच की नवं की जुनं. आठवड्याभरात निकाल.

६ सप्टेंबर

जेवताना योजना मांडली. भाऊजी म्हणाले, कुऱ्हाड आहे की. मी म्हटलं, लांबचा विचार करा, हे मशीन आधी आपलं लाकूड फोडेल, मग सगळ्या गल्लीचं, हप्ते तेच फेडेल. भाऊजी म्हणाले, वा, इंजिनियर. ताई हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे. धुऊनही डाग न गेलेल्या चादरीकडे बघतात तसं तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, काय करायचं ते कर, पण एका ओंडक्यात कपड्यांच्या दोरीचा हूक आहे, तो तेवढा काढून ठेव.

खरंच आहे. जुना लोखंडी हूक, झाडाने साल चढवून अर्धा गिळलाय. झाड गेल्यापासून दोरी बांधायला काही नाही, ओले कपडे घरभर खुर्च्यांवर. मशीन आलं की हूक आपोआप सुटेल.

९ सप्टेंबर

शोरूमला गेलो. नवं मशीन पिवळंधमक. टायवाला सेल्समन मला सर म्हणाला. फार दिवसांनी कुणी म्हणालं. किंमत विचारली. मग बसायला खुर्ची मागितली.

दर शनिवारी डेमो असतो. लाकूड तुमचं आणा सर, म्हणजे खात्री पटते. पटलं. परक्या लाकडावर मशीन जोखणं म्हणजे दुसऱ्याच्या पायाच्या मापाने बूट घेणं.

१३ सप्टेंबर, शनिवार

शेजाऱ्यांची ढकलगाडी मागून ओंडके शोरूमला नेले. जाताना उतार, सोपं गेलं. मशीनने बिस्किटं मोडावी तसे मोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

परतताना चढ. टायवाला म्हणाला, राहू द्या सर, फोडलेलं आम्ही बघून घेऊ. आजकाल एवढं सौजन्य कुठे मिळतं.

पण एका डेमोवर निर्णय घेणारा मी नव्हे.

१७ सप्टेंबर

गावाबाहेरच्या गॅरेजात जुनं मशीन विकायला आहे असं कळलं. गेलो. गॅरेजवाले काका म्हणजे मिशा आणि ग्रीस, बाकी माणूस दिसत नाही. मशीनखाली तेलासाठी डबा ठेवलाय. मी म्हटलं, गळतंय. ते म्हणाले, अरे, या वयात कोण गळत नाही? तू लाकूड आण. गाठीचं आण. गाठ फोडली तर मशीन, नाहीतर भंगार.

माणूस स्पष्टवक्ता. विकायची घाई नाही म्हणाले, ते आणखी आवडलं.

२३ सप्टेंबर

लायब्ररीत हायड्रॉलिक्सचं पुस्तक काढायला गेलो. ते वरच्या फळीवर होतं. खालच्या फळीवर दोरीच्या गाठींचं होतं. तेच घेतलं, कारण गाडीवर ओंडके बांधायलाही शास्त्र लागतं. खलाशांची एक गाठ बसवली. दिवस सार्थकी.

२४ सप्टेंबर

गाठ सुटत नाहीये.

२५ सप्टेंबर

काकांनी दोरी कापली. ओंडके फोडून दाखवले. गाठीचे, बिनगाठीचे, दोन्ही. फोडलेलं त्यांनीच कोपऱ्यात रचलं. मी म्हटलं, कशाला तसदी? ते म्हणाले, तसदी कसली, येत जा.

४ ऑक्टोबर, शनिवार

शोरूम, मग गॅरेज. तुलना सुरू आहे. एका फेरीत समजतं ते दुसऱ्या फेरीत पक्कं होतं आणि तिसऱ्या फेरीत नवीन शंका येते. शंका आली की लाकूड लागतं.

घरी आज चमत्कार. ताईने माझ्या ताटात दुसरं अंडं वाढलं आणि म्हणाली, ढीग बराच उतरलाय रे. भाऊजी म्हणाले, हात दाखव. दाखवले. ढकलगाडीच्या दांड्यांनी फोड आलेत. भाऊजी उठले आणि स्वतःचे चामड्याचे हातमोजे आणून दिले. बस चालवताना घालायचे ते. म्हणाले, मला वाटलं नव्हतं.

माझ्या अभ्यासाची शेवटी कदर झाली.

५ ऑक्टोबर

भाऊजींनी विचारलं, रचतोयस कुठे? मी म्हटलं, त्याची वेगळी व्यवस्था केलीय. ते हसले. म्हणाले, तुझ्या ताईला मी म्हणत होतो, पोरगं दहा दिवसांत पळून जाईल. ती म्हणाली होती, नाही जाणार. हरलो मी.

खोलीत येऊन भिंतीला हात लावला. अजून शेगडी पेटवत नाहीत, भिंत गारच आहे. पण बसून राहिलो तिला टेकून. इथेच राहायचं. या वेळी नक्की.

८ ऑक्टोबर

मशीनसाठी शेड झाडली. दोन्ही मशीनची मापं आणून खडूने जमिनीवर चौकोन काढले. नव्याचा आखूड, जुन्याचा लांब. कुऱ्हाड मध्ये येत होती, माळ्यावर टाकली. शेड इतकी स्वच्छ झाली की तिथे नाचता येईल. थोडा नाचलो.

१६ ऑक्टोबर

पहिली बोचरी हवा. गॅरेजात मात्र काकांची शेगडी रसरसलेली. फार सुंदर ऊब. न तडतडणारी, धूर नाही. मी विचारलं, कुठलं लाकूड हो? काका म्हणाले, असंच, येतं कुठून कुठून. हिवाळ्यात आपणही असंच लाकूड आणायला हवं. ताईला सांगायचं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

शोरूममध्ये डेमो बंद. पिवळी मशीन आत गेली, बर्फ सारायची मशीन बाहेर आली. टायवाला म्हणाला, सीझन संपला सर, लाकूड लोक उन्हाळ्यात फोडतात, म्हणजे वाळायला वेळ मिळतो. हे त्याने आधी सांगायला हवं होतं. नवं बाद. एक पर्याय कमी झाला की डोकं हलकं होतं.

२१ ऑक्टोबर

म्हणजे जुनंच घ्यायचं. पण अंतिम परीक्षा हवी. अंगणात एकच ओंडका उरलाय, तो हूकवाला. लोखंड पोटात असलेला ओंडका फोडला तर आणखी काय हवं? नेला. मशीन आधी थांबलं, मग ओरडलं, मग तेलाची चिळकांडी माझ्या शर्टावर, आणि मग ओंडका दोन्हीकडे उघडला. काकांनी माझी पाठ थोपटली. आम्ही चहा प्यायलो.

घरी आल्यावर आठवलं, हूक तिथेच राहिला. उद्या आणतो.

२२ ऑक्टोबर

पाऊस.

२७ ऑक्टोबर

काकांना म्हटलं, ठरलं, मशीन घेतो. काका मिशी पुसत म्हणाले, आता विकायचं नाही रे. चांगलं चालतंय. तुझ्यासारखी बघायला येणारी माणसं आहेत, माझी शेगडी भागते.

धंद्यात असं व्हायचंच. दुसरं जुनं मशीन शोधू. पण ते तपासायला ओंडका लागेल आणि ओंडका उरलेला नाही. म्हणजे लाकूड नसल्यामुळे लाकूड फोडायच्या मशीनचा निर्णय लांबणीवर. वाक्य लिहिल्यावर विचित्र वाटलं. परत वाचलं नाही.

४ नोव्हेंबर, सकाळ

खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची जाळी. ताईची सुट्टी आहे. ती म्हणाली, आज शेगडी पेटवू, तू बस, मी आणते लाकूड, तू पुष्कळ केलंस. टोपली घेऊन शेडकडे गेली.

मी म्हणालो होतो की मी आणतो. दोनदा म्हणालो.

दुपार

ती बराच वेळ आली नाही म्हणून गेलो. ताई लांबट चौकोनात उभी होती, रिकामी टोपली घेऊन. म्हणाली, हे काय आहे? मी म्हटलं, जुन्या मशीनची जागा. तिने शेजारी बोट दाखवलं. मी म्हटलं, नव्याची. ती म्हणाली, आणि लाकूड?

मी सगळं नीट समजावलं. डेमो, गाठी, तुलना. समजावताना प्रत्येक पायरी बरोबर होती, फक्त शेवट जमत नव्हता. ताई म्हणाली, म्हणजे तू आपलं लाकूड गाडीत घालून गावात वाटत होतास. मी म्हटलं, वाटत नव्हतो, तपासत होतो. ती हसायला लागली. हसता हसता टोपली उलटी करून तिच्यावर बसली, आणि मग हसत नव्हती.

संध्याकाळ

भाऊजी आले. ताईने त्यांना आत नेऊन सांगितलं. मला वाटलं होतं ओरडतील, निदान इंजिनियर तरी म्हणतील. बाहेर येऊन म्हणाले, हातमोजे टेबलावर ठेव.

७ नोव्हेंबर

सरपणाचं दुकान रिकामं. लोकांनी उन्हाळ्यातच उचललं. ताईने लाँड्रीतून एक इलेक्ट्रिक हीटर मागून आणला. एकाच खोलीला पुरतो. त्या खोलीत ते दोघे, भाऊजींचा खांदा आणि खुर्च्यांवर ओले कपडे. कपडे वाळत नाहीत.

ताई म्हणाली, मागच्या खोलीत आता झोपता यायचं नाही तुला. थंडीने मरशील.

ती जा म्हणाली नाही. हे नोंदवून ठेवतो.

८ नोव्हेंबर

दोन स्वेटर, कोट आणि गाठींचं पुस्तक छातीवर घेऊन झोपलो. भिंत बर्फ.

ठराव: काकांकडून फोडलेलं लाकूड परत आणायचं. आपलंच आहे.

९ नोव्हेंबर

काका म्हणाले, अरे, जळलं की ते. तूच तर त्या दिवशी हात शेकत म्हणालास, काय सुंदर ऊब आहे. मला वाटलं, तुला माहीत आहे.

मग त्यांनी राखेच्या डब्यात चिमटा घालून काहीतरी काढलं, फडक्याने पुसलं आणि माझ्या हातात ठेवलं. हूक. जळून निळा पडलेला. अजून कोमट होता.

घरी ताईला दिला. ती म्हणाली, हा सापडला होय? आणि चमच्यांच्या खणात ठेवून दिला. अडकवायला झाड कुठे आहे?

१२ नोव्हेंबर, बसस्टँड, दुपार

स्वतःहूनच निघालो. ताईला म्हटलं, दक्षिणेला एक काम आहे. ती म्हणाली, कसलं? मी म्हटलं, ठरायचंय. तिने डब्यात उकडलेली अंडी दिली. भाऊजी गेटवरच होते, त्यांनी बरा असलेला हात वर केला. निरोप होता की बसला रस्ता देत होते, सांगता येत नाही.

फलाटावर दोन बस आहेत. एक नवी कोरी, काचा बंद, सीट मागे कलते. एक जुनी, खडखड्या, पण कंडक्टर ओळखीचा वाटतो आणि वाटेत कुठेही उतरवतो. घाईने निर्णय नको. दोन्हींचे फायदेतोटे लिहून काढतो.

थोड्या वेळाने

नवी गेली.

आणखी थोड्या वेळाने

जुनीही गेली. पुढची उद्या.

स्टँडवरचा चहावाला टपरीचं फळकूट लावत होता. म्हणाला, रात्र इथेच काढणार दिसतोस. मग आत ये, पण शेगडीला लाकूड नाही, त्या ओंडक्याच्या चार ढलप्या काढ. आणि कुऱ्हाड हातात दिली. मी म्हटलं, मशीन नाही का? त्याला ऐकू गेलं नाही.

उचलली. मारली. एका घावात फुटलं.

दुसरा ओंडका घेतला. तोही.

लाकूड मऊ असणार.