पहिल्या अंघोळीच्या आत

७ ऑक्टोबर २०१३, सोमवार

मुळं काळी दिसायला लागली! मॅडमनी आज आरशासमोर माझी मान वाकवून भांगात बोट फिरवलं. "रोशनी, गिऱ्हाईक आधी तुझं डोकं बघतं, मग रेटकार्ड. दिवाळीच्या गर्दीत हे असं नाही चालणार हं." गोड आवाजात. तोच आवाज वाईट.

खारघरच्या या पार्लरमध्ये मी झाडूवरून कात्रीवर आले ती या सोनेरी केसांमुळे. पहिल्यांदा मॅडमनीच हौसेने फुकट करून दिले. राखायचे मात्र मी, माझ्या पगारात. रंग गेला की परत झाडू, नाहीतर आईबरोबर पनवेलच्या बाजारात मासळीची पाटी.

मोरीची कडी लावून ब्लीच कालवलं, जुन्या टूथब्रशने नुसत्या मुळांना लावलं. टाळू चुरचुरली. पण जमलं!

११ ऑक्टोबर, शुक्रवार

जमलं कसलं — पिवळेधमक झालेत, हळद लावल्यासारखे. पार्लरमध्ये यावर जांभळा शाम्पू लावतात. ती बाटली मला परवडायची नाही. मग डोकं लढवलं. बाबांचे पिवळट बनियन निळीने पांढरे होतात, मग केस का नाही? बादलीत नीळ, निळीत डोकं.

हिरवे झाले. हिरवे!! खाडीतलं शेवाळ!

आई दारात उभी. "आता ह्यो कंचा रंग?" मी टॉवेल गुंडाळला. पार्लरमधल्या भावेशला फोन केला तर तो आधी पोट धरून हसला, मग म्हणाला, टोमॅटो चोळ. चोळले. घरभर रश्शाचा वास. थोडा हिरवेपणा उतरला. राहिलेला उद्या ब्लीचनेच काढते.

१२ ऑक्टोबर

काढला. इतक्या लवकर परत लावायला नको होतं. टाळूची आग आग होतेय.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

फणीत केस. उशीवर केस. मोरीच्या जाळीत तर पुंजकाच. आणि तुटलेले नाहीत, मुळासकट आलेत!

मागे हात घातला तर रुपयाएवढी जागा गुळगुळीत लागली. जाळले मी माझे केस, स्वतःच्या हाताने.

आईला कळलं तर? पहिल्यांदा रंगवून आले तेव्हा ती दोन दिवस बोलली नव्हती. मग म्हणाली होती, "देवानं दिलेलं जालतेस? केस गेले ना, मंग कलंल." तिला काय जातंय बोलायला! अख्ख्या कोळीवाड्यात तिच्यासारखा अंबाडा नाही. त्यावर रोज अबोलीची वेणी. बाजारात बायका तिला "अंबाड्यावाली जनी" म्हणतात. मी तिचे केस कधी मोकळे पाहिलेसुद्धा नाहीत — आम्ही उठायच्या आत तिची अंघोळ, वेणीफणी सगळं उरकलेलं असतं.

२३ ऑक्टोबर, बुधवार

अजून एक जागा. कानामागे.

वरचे केस ओढून मोठी क्लिप लावली. भावेश म्हणाला, "नवी स्टाइल? मस्त!" मी हसले. दिवसभर माझ्या पाठीमागे भिंत राहील अशी उभी राहिले. एसीत घाम फुटत होता. मॅडमना दिसलं तर संपलंच. टकलीकडून कोण केस कापून घेईल?

२९ ऑक्टोबर, मंगळवार

घरी आले तर आई तेल कढवत होती.

माझ्या लक्षातच नव्हतं! शनिवारी पहिली अंघोळ. आई दरवर्षी आम्हाला पाटावर बसवून डोक्याला तेल चोळते, बाबांनासुद्धा सोडत नाही. पापलेट ताजं की कालचं हे तिची बोटं अंधारात सांगतात. माझी टाळू तर त्यांना लगेच कळणार.

भीती वाटतेय. खूप.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगून पाहिलं — माझं डोकं दुखतंय, उद्या तेल नको. म्हणाली, "दुखतंय, तं मंग लावलाच पायजे."

२ नोव्हेंबर, शनिवार

बसले पाटावर. बाहेर कुणाचे तरी फटाके वाजत होते. तिची बोटं भांगावरून मागे गेली आणि थांबली. मी डोळे गच्च मिटले. आता शिवी, नाहीतर फटका.

काहीच नाही! बोटं पुन्हा चालायला लागली, त्या जागेवरून तर अगदी हळू. उटणं लावलं, गरम पाणी ओतलं. "कारीट फोड जा," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

४ नोव्हेंबर

आई येता-जाता माझ्या डोक्याकडे बघतेय. उद्या भाऊबीज, परवा पार्लर उघडणार. जागा दोन्ही वाढल्यात. क्लिप पुरत नाही आता.

६ नोव्हेंबर, बुधवार

आईने पहाटे हलवून उठवलं, मोरीत नेलं आणि आतून कडी लावली. वेणी उतरवली. मग अंबाडा — अख्खा तिच्या हातात आला! गंगावन. खाली टाळूवर माझ्यासारख्याच गुळगुळीत जागा, एकमेकींना भिडलेल्या. "तू झालीस तवापासून," म्हणाली. "तुज्या रंगानं नाय गेले. माज्याकरून आलंय तुला."

मग गंगावन माझ्या मांडीवर ठेवलं. "माजेच हायत. गलले तसे जमवले, नि त्यांचा अंबाडा करून घेतला. खरे केस हायत, रंग धरतील. लाव तुज्या डोक्याला."

डोक्यावरून पदर घट्ट ओढून घेतला, पाटी उचलली आणि तशीच बाजाराला गेली.