रुद्राणीच्या तारा आणि लाल हापसा

प्रिय अक्का,

मी फ्लोराईडचं नाव काढलं की तू फोन ठेवून देतेस. परवा तर मी नुसतं "अगं ऐक" म्हणाले, तेवढ्यातच ठेवलास. म्हणून म्हटलं, कागदच धाडावा, तो काही मध्येच कट करता येत नाही. फाडायचा असेल तर वाचून फाड, माझी शपथ आहे तुला.

तुझी लेक रुद्राणी इथं माझ्याकडं मजेत आहे. रोज क्लासला जाते, मला भूक नाही म्हणते आणि नंतर उभ्याउभ्या पातेल्यातूनच भात खाते. दाताच्या तारांची सवय झाली तिला. पण त्या तारांत काय काय अडकतं गं! भाकरीचा कण, शेंगदाण्याचं टरफल, कोथिंबीर. घासून घासून पोर दमून जाते. मागं एकदा तिच्या दातावर तारेच्या कडेनं खडूसारखे पांढरे ठिपके दिसले, मला वाटलं दूध पिऊन तोंड धुतलं नाही. तारा लावणाऱ्या डॉक्टर अर्शियांनी पाहिलं आणि म्हणाल्या, ही किडीची सुरुवात आहे, असंच सोडलं तर तारा निघतील तेव्हा खाली खड्डे सापडतील. म्हणून त्यांनी चूळ भरायची ती फ्लोराईडची बाटली दिली. पुढचं तुला ठाऊकच आहे. पोर सुट्टीत बाटली घेऊन गावाकडं आली, तू वरचं नाव वाचलंस आणि सगळी उकिरड्यावर ओतलीस.

मी तुला नावं ठेवत नाही. आपल्या माहेरच्या हापशाला साहेब लोकांनी लाल रंग फासला आणि वर हेच नाव लिहिलं, पाणी पिऊ नका म्हणून. तोवर आपण दोघी त्याच पाण्यावर वाढलो होतो. आपले दात असे तपकिरी का, ते त्या दिवशी कळलं. तुझे माझ्यापेक्षा लई जास्त. तुला बघायला पाहुणे आले तेव्हा आईनं तुला तोंड मिटून बसायला सांगितलं होतं, ते मी दाराआडून ऐकलं होतं अक्का. रुद्राणीच्या वेळेला तुझ्या सासरी नळ आले म्हणून तिचे दात पांढरे निघाले. आता तेच नाव तिच्या तोंडात जाणार म्हटल्यावर माझंही डोकं गरगरलं.

पण माझ्या डोक्यात एकदा भुंगा शिरला की मला चैन पडत नाही. गेले दवाखान्यात. विचारलं, बाई, ज्यानं आमचे दात बिघडले त्यानंच हिचे सुधारतात हे कसं काय? त्या म्हणाल्या, लहानपणी दात हिरडीच्या आत तयार होत असतात, तेव्हा तुमच्या पोटात ते रोज आणि बेसुमार गेलं, म्हणून डाग पडले. हिचे समोरचे दात केव्हाच तयार झालेत. आता थोडंसं वरून लावायचं, चूळ थुंकून टाकायची, गिळायची नाही. त्यानं दाताचा वरचा थर टणक होतो. मी म्हटलं, आणि चुकून घोटभर गेलं तर? मग पाणी कधी प्यायचं? मग हे आमच्या वेळेला कुणी का नाही सांगितलं? शेवटी त्या हसून म्हणाल्या, मावशी, पेशंट तुम्ही का ती?

तरी मनाला पटेना. मग ह्यांनी मिलमधून तुरीची डाळ आणली आणि मी एरंडेल चोळत बसले. चोळता चोळता हात थांबला. अगं, आई आपल्याला हेच एरंडेल पाजायची आणि आपण दिवसभर परसाकडं पळायचो! तेच डाळीला वरून चोळलं की वर्षभर कीड फिरकत नाही. मी एकटीच हसत सुटले, ह्यांना वाटलं हिला काय झालं.

बाटली ओतल्यापासून ठिपके वाढलेत. आता डॉक्टर तेच औषध घट्ट करून ब्रशानं दातावर लावणार आहेत, येत्या सोमवारी. पण आईचा नकार आहे कळल्यावर त्या म्हणाल्या, आधी आईचा होकार आणा. मी डॉक्टरांना दटावून त्यांच्याकडून हो म्हणवून घेतलं असतं, पण तुझ्या पाठीमागं काही करणार नाही.

आणि खरं सांगू, एवढ्या होकारासाठी कागद काळा केला नाही. त्या दिवशी डॉक्टरांनी फोटो काढायला तिला हसायला सांगितलं, तर तिचा हात आपोआप तोंडावर गेला. त्यांनी विचारलं, तारांची लाज वाटते का? ती म्हणाली, "न्हाई, तारांचं काय न्हाई. आमच्याकडं बाया अशाच हसतात." मी शेजारी उभी होते आणि माझाही हात तोंडावरच होता. अक्का, मोकळं हसावं म्हणून हट्टानं तूच तिला तारा लावायला लावल्यास ना? तारांनी दात सरळ होतील. तो हात तुझ्याकडं बघून वर गेलाय, तो तुझ्याकडं बघूनच खाली येईल. सोमवारच्या आधी ये. डॉक्टरांना हो म्हण किंवा तोंडावर नाही म्हण, पण पोरीसमोर एकदा पदर बाजूला सारून खळखळून हस. मी पण हसते तुझ्यासोबत.

तुझीच वाट बघणारी,
सिंधु