हातावरचं दही

अहो,
प्राचीला घेऊन परत स्कॅनला चाललेय. काल फुकट गेलं. निघताना आईंनी तिच्या हातावर दहीसाखर ठेवली, पोरीने चाटली. पोटात काय असलं की झोपेचं औषध देत नाहीत, उलटी श्वासात जाते म्हणाले. आणि औषधाशिवाय ती त्या मशीनमध्ये पडून राहायची नाय. तारीख दोन महिन्यांनंतरची दिलीय. डोळा तर रोज जास्त तिरळा होतोय. आज नंबर असलेलं कुणाचं पोर आलं नाय तरच तिच्या जागी घेतील, पण सगळीच येतात.

भात झाकून ठेवलाय. आईंना काय बोलू नका, कालपासून जेवल्या नाहीत. आज मागच्या खोलीतून बाहेरच आल्या नाहीत. प्राची मगापासून उंबऱ्यावर हात पुढे करून उभी हाय.