भाद्रपदातल्या पत्राचं उत्तर

नाशिक,
२९ नोव्हेंबर १९९८

ती. वहिनींना छायाचा नमस्कार.

इकडे थंडी चांगलीच पडली आहे. सकाळी नळाच्या पाण्यात हात घालवत नाही. तुमच्याकडे सायखेड्याला नदीकाठी त्याहून जास्त असेल. दादाच्या द्राक्षांना घड कसे आहेत? दीपमालाचा खोकला गेला का? यंदा नांदूरच्या धरणावर परदेशी पाखरं लवकर उतरली म्हणतात.

मागच्या आठवड्यात नव्या कादंबरीसाठी घोटीला जाऊन आले. भाताची झोडणी चालली होती. चिमणाबाई नावाच्या म्हातारीनं मला खळ्यावर बसवलं आणि विचारलं, "लिवती काय एवढं? हात लावून बघ, मंग कळंल." चार पेंढ्या झोडल्या तर तळवे सोलले. ती पदर तोंडाला लावून हसली. उन्हाळ्यात कळवणकडे, पावसाळ्यात घाटात, थंडीत घोटीला, अशी मी ऋतूंच्या मागे हिंडते आणि वह्या भरते. घरी येऊन टेबलाशी बसले की त्या वह्यांतून काही उठत नाही. मी सगळीकडे पाहुणीसारखी बघते, असं हल्ली वाटतं.

पण हे सांगायला पत्र लिहीत नाहीये. तीन कागद फाडून झाले.

माझ्या पहिल्या कादंबरीतला शेवटचा उतारा येत्या जूनपासून आठवीच्या पुस्तकात धडा म्हणून येतोय. 'पूर ओसरल्यावर' असं नाव दिलंय त्याला. दीपमाला तेव्हा आठवीत असेल. ती घरी मोठ्यानं वाचेल आणि तुम्ही भाकरी थापता थापता ऐकाल.

वहिनी, तो उतारा माझा नाही. दीपमाला तीन वर्षांची असताना, भाद्रपदात, तुमचं बाळ नवव्या दिवशी गेलं. नदीचा पूरही त्याच आठवड्यात ओसरला होता. तेव्हा तुम्ही मला आंतर्देशीयावर पत्र लिहिलंत. गाळात झोपलेला ऊस, बाभळीला अडकलेली कुणाची तरी चोळी, चिखलात किडे टिपणारे बगळे, सगळं तुमचं. मी शुद्धलेखन सुधारलं, गावाचं नाव बदललं आणि जसंच्या तसं कादंबरीत घातलं. लोकांना नेमकं तेच आवडलं. सत्काराला तेच वाचून दाखवतात. मी मान खाली घालून ऐकते, लोकांना तो विनय वाटतो.

धड्यातून पाठ्यपुस्तक मंडळानं एकच वाक्य गाळलंय. 'छाती ठणकत होती म्हणून नदीत दूध पिळून आले.' मुलांना नको, म्हणाले.

हा मजकूर माझ्या वहिनींचा, लंकाबाईंचा आहे, असं पत्र मी मंडळाला लिहून ठेवलंय, पण अजून टाकलेलं नाही. गप्प बसले तर चोरी पचवल्यासारखं, आणि बोलले तर तुमचं दुःख तुमच्या नावानिशी घरोघर जाणार. तुम्ही सांगाल तसं करीन.

कादंबरी निघाली आणि तुमची पत्रं थांबली. शेतीच्या कामातून वेळ होत नसेल, असं मी सात वर्षं स्वतःला सांगत आले.

तुमची,
छाया

---

सायखेडा,
१२ डिसेंबर १९९८

वन्संना लंकाबाईचा नमस्कार.

पत्र पोचलं. दीपमालाचा खोकला गेला. घड बरे हायेत.

तुमचं पुस्तक मी तवाच वाचलं. यांनी लय कौतुकानं निफाडहून आणलं होतं. मी चुलीपुढं वाचत बसले होते. ते पान आलं आन् तव्यावरची भाकर करपून गेली. यांना काय बोलले नाय. धूर गेला डोळ्यात, म्हणले.

तुम्ही चोरी म्हणता. मला चोरीचा राग नव्हता. तवा घरात सगळे म्हणायचे, नऊ दिसांचं तर होतं, विसर आता. यांनीबी परत कधी विषय काढला नाय. बोलायला माणूस नव्हतं म्हणून तुम्हाला लिवलं. मंग रोज पोस्टमनची वाट बघितली. दिवाळी गेली, संक्रांत गेली. उत्तर आलं नाय, तीन वर्षांनी पुस्तक आलं. माझं बोलणं तुम्हाला येवढं आवडलं, तर मला दोन ओळी का नाय लिवल्या?

नाव घाला. माझं पूर्ण नाव घाला. मला लाज नाय त्याची. दुधाचं धड्यात नसलं तरी चालंल, पोरं हसतील. तुमच्या पुस्तकात राहू द्या.

दीपमालाला काल सांगितलं, तुला एक भाऊ होता. कालपासून मागं मागं फिरती. कसा होता, विचारती. मला तर ताप होता तवा, मला धड आठवत नाय. तेच लय लागतं मनाला.

माझ्या पत्राचं उत्तर अजून राहिलंय.

लंकाबाई

---

नाशिक,
१९ डिसेंबर १९९८

प्रिय वहिनी,

काल दोन पत्रं रजिस्टरनं पाठवली, एक पाठ्यपुस्तक मंडळाला आणि एक प्रकाशकांना. प्रकाशकांना आधी फोनवर सांगितलं तेव्हा ते चिडले. चिडू देत.

आता तुमच्या भाद्रपदातल्या पत्राचं उत्तर. दहा वर्षं उशीर झालाय.

ते पत्र मी दारातच उभ्यानं वाचलं आणि तिथेच खाली बसले. खूप रडले. उत्तर लिहायला कागद घेतला, तर काहीच सुचेना. एवढ्या खऱ्या बोलण्यापुढे आपण काय लिहायचं, या भीतीनं मी तुमचंच पत्र वहीत उतरवत बसले. तुम्हाला मात्र एक ओळ लिहिली नाही. मला माफ करा, असं म्हणायचीसुद्धा लाज वाटते.

बाळ मी पाहिलं होतं, वहिनी. पाचवीच्या पूजेला आले होते मी. तुम्ही तापात होता, म्हणून दुपारभर ते माझ्याच मांडीवर होतं. दीपमालाला सांगा, तो सावळा होता, तुमच्यासारखा. कपाळाला आठ्या घालून बघायचा, थेट दादासारखा. डाव्या कानामागे तीळ होता. बोट दिलं की सोडायचा नाही. मी उठायला गेले तर एवढ्या जोरात ओरडला की दादा गोठ्यातून धावत आला आणि म्हणाला, "याचा आवाज पार नदीपल्याड जाईल." आणि हसला. दादाला विचारा. तो विसरला असेल, असं मला वाटत नाही.

यातलं एक अक्षरही मी कुठे लिहिलेलं नाही. हे तुमच्या घरात राहू द्या.

पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीनं येतेय. वही आणणार नाही.

त्याची आत्या,
छाया