दोन मिनिटांच्या मुंग्या

लालबाग, मुंबई
सोमवार, १४ मार्च २०११

चि. ललिता,

तुला आणि शर्वरीला पोटभर आशीर्वाद. ‘चि.’च्या पुढे ‘सौ.’ लिहायला हात गेला होता, जुनी खोड. वेळेवर आवरला.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. आईचे गुडघे तिचं ऐकत नाहीत आणि ती माझं ऐकत नाही, म्हणजे सगळं जागच्या जागी आहे. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर म्हणतात, पाडवा होऊ द्या, मग काढू. तोवर समोरचं सगळं दुधात भिजवून ठेवल्यासारखं दिसतं. मिलच्या जागेवर उभा राहिलेला टॉवर मला अर्धाच दिसतो, आणि त्याचं काही फार वाईट वाटत नाही. दुपारी गॅलरीत खुर्ची टाकून बसलो की डोळा लागला की नाही लागला ते माझं मलाच कळत नाही. त्या गुंगीत जुनी चाळ येते, माणसं येतात, बोलून जातात. हे पत्र मी तसंच बसून लिहितोय, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घे.

तुझं पत्र मिळालं. मला लिहिलेलं नव्हे, पेपरातलं. आपल्या कमलाबाई आता ऐंशीच्या पुढे गेल्या, महिला मंडळ कधीच मोडलं, पण पेपरातली ओळ सोडत नाहीत. त्याच घेऊन आल्या. “गणपतराव, तुमच्यावर आलंय हो,” म्हणाल्या. बारीक टाइप मला दिसत नाही, म्हणून गॅलरीत उभं राहून त्यांनीच सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं वाचलं. खाली नाव, ललिता गणपत धुरी, अँटॉप हिल. ते नाव मी त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं.

चांगलं लिहितेस. मोठ्यांच्या मालिका रात्री अकराच्या आधी दाखवूच नयेत अशी कुणीतरी मागणी केली, त्यावर तुझं उत्तर. वेळ काय ती सरकारने ठरवावी, चॅनलवाल्यांनीही थोडी लाज बाळगावी, पण मुलांच्या शेजारी बसायचं काम आईबापांचंच आहे, ते दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही. मी माझ्या मुलीच्या शेजारी बसते, ती विचारते, मी सांगते. आणि घरात तोंडाने सांगता येत नाही असं काहीतरी कधी कधी त्या पडद्यामुळे सांगता येतं. हे ऐकताना कमलाबाईसुद्धा मान डोलवत होत्या. मग ती ओळ आली. ‘आमच्या चाळीत एक केबलवाले होते. नको ते दृश्य आलं की वायर काढायचे. आपण काय काढलं, हे त्या बिचाऱ्यांना कधी कळलं नाही.’ सगळा मजला हसला. मीही हसलो.

परवा तू आईला फोन केलास. पाडव्याला शर्वरीला घेऊन येते म्हणालीस. अकरा वर्षांनी. तेव्हापासून आई डबे घासतेय, पडदे धुतेय, मला खुर्चीसकट उचलून झाडून काढतेय. फोनवर तू काय म्हणालीस तेही तिने सांगितलं. “बाबांवर किती वर्षं राग धरू? त्यांना कुठं माहीत होतं?”

ललिता, त्या वाक्यामुळेच हे पत्र लिहायला बसलो. सकाळी बसलो होतो, आता चार वाजत आलेत. मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही हे तुला माहीत आहे. थोडं फिरून येतो.

गिरण्यांचा संप झाला तेव्हा तू आठ वर्षांची. लोकांना संप म्हटलं की मोर्चे आठवतात, उपास आठवतात. ते सगळं होतंच. पण मला आधी आठवते ती सकाळ. भोंगा नाही, पायऱ्यांवर धावपळ नाही, चाळ इतकी शांत की कबुतरांचे पाय पत्र्यावर वाजलेले ऐकू यायचे. आई खानावळीत पोळ्या लाटायला जायची आणि तुझी वेणी माझ्याकडे आली. गिरणीच्या साचेखात्यातले, मागावरचे माझे हात, तुटलेला धागा डोळे मिटून सांधायचे, पण तुझ्या दोन वेण्या जन्मात सारख्या आल्या नाहीत. एक कानाजवळ, एक मानेवर. तुझ्या मानेवर डावीकडे तीळ आहे, तो मला तेव्हा कळला. नाहीतर पहिल्या पाळीच्या माणसाला आपल्या पोरीची मान कधी दिसते? संपाने माझं सगळं नेलं असं मी सगळ्यांना सांगतो, पण त्या दीड वर्षात मला तू मिळालीस. हे कुणाला सांगितलं नाही, कारण इतक्या घरांत चूल थंड असताना असं बोलणं बरं दिसत नाही.

पुढे टीव्ही दुरुस्त करायला शिकलो, मग गच्चीवर डिश बसवली. पाण्याच्या टाकीशेजारच्या खोलीत माझी मशिनं. तिथून सगळ्या चाळीत वायरी गेलेल्या. रात्री नऊला कठड्याशी उभं राहिलं की साठ खोल्यांतून एकच बाई एकाच वेळी रडताना ऐकू यायची. सगळ्या दारांतून एकच निळा उजेड पडायचा, आणि सगळी चाळ पाण्यात बुडून हळूच हलतेय असं वाटायचं. अजूनही दुपारच्या गुंगीत मला तेच दिसतं.

मग ती नऊची मालिका सुरू झाली. नवरा सोडणारी बाई, तिचा मित्र, दारू, काय काय. मंडळाची सभा भरली. मी तेव्हा तुझ्यासारखंच बोललो होतो. टीव्हीला बटण आहे, ज्याला नको त्याने बंद करावा, पोरं तुमची आहेत. कमलाबाई म्हणाल्या, “बंद केला तर आम्ही काय बघायचं?” खरं तेच होतं. मालिका हवी होती, फक्त पोरांनी बघायला नको होती. आणि दहा बाय बाराच्या खोलीत पोरांना पाठवायचं कुठं? तुझ्या क्वार्टरला दोन खोल्या आहेत बाई, म्हणून तुला पेपरात लिहिता येतं. इथे आजोबा, सून, पोरं, सगळी एकाच सतरंजीवर. शेवटी ठरलं, गणपतरावांनी वर बसून बघावं आणि तसलं काही आलं की तेवढं काढावं.

म्हणजे साठ घरांचा बाप मी एकटा झालो. आवडलंही मला, खोटं का बोलू. गिरणीतून निघालेल्या माणसाला पुन्हा कुणीतरी जबाबदारीचं काम दिलं होतं. साच्यावर धागा तुटला की विचार करायचा नसतो, आधी साचा थांबवायचा, नाहीतर दोष पुढच्या कापडात उतरत जातो. वीस वर्षं हाताला तेच वळण. इथेही पडद्यावर जरा काही हललं की हात वायरीवर. पडद्यावर मुंग्या. एकदा बायको नवऱ्याचा टाय बांधत होती, तेही काढलं मी. एकदा बाळंतपण काढलं, मूल एकदम मोठं होऊनच आलं. किती हसायचात तुम्ही.

आता ते शहाण्णव सालचं. तू श्रावणात आठ दिवस म्हणून आलीस आणि तीन आठवडे झाले तरी लोअर परळला परत जायचं नाव काढलं नाहीस. काही बोलत नव्हतीस. आई मला म्हणाली, “पोरीच्या मनात काय आसा, ता इचारा तरी.” मी म्हटलं, बायकांनी बायकांना विचारावं. तुला मालिकांचं वेड कधीच नव्हतं, पण त्या भागाची झलक तू दुपारी कधीतरी पाहिली असशील; त्या गुरुवारी मी वर जायला निघालो तर जिन्यात आलीस. म्हणालीस, “बाबा, आज मधे काही काढू नका. आईला दाखवायचंय.” मी हो म्हटलं. खरंच म्हटलं होतं.

वर बसलो. अर्धा भाग गेला. मग मालिकेतली ती बाई आपल्या आईकडे पाठ करून बसली आणि ब्लाउजची बटणं काढायला लागली. माझा हात गेला. तुला दिलेला शब्द मला आठवत होता, हात तरीही गेला. दोन मिनिटं साठ घरांत मुंग्या. वायर लावली तेव्हा साबणाची जाहिरात लागली होती. खाली आलो तर तू सतरंजीवर तशीच बसलेली, पडद्याकडे बघत. आईने विचारलं, काय होतं एवढं? मी म्हटलं, बायकांचं उघडं अंग दाखवत होते. तू उठून पाणी प्यायलीस आणि झोपलीस.

इथपर्यंत तुला माहीत आहे. इथपर्यंतचाच मी बिचारा.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला तोच भाग पुन्हा लागायचा. पोरं शाळेत, म्हणून दुपारी मी कधी काही काढत नसे. तू आणि आई बाजारात गेला होतात. मी वर बसून पाहिला. त्या बाईने बटणं काढली, ब्लाउज खांद्यावरून खाली केला आणि आईला पाठ दाखवली. पाठीवर पेटत्या विडीचे चटके होते. तिच्या आईने फक्त हात पुढे केला आणि भाग संपला.

ललिता, मला सगळं कळलं. तू तीन आठवडे अंघोळीनंतर मोरीचं दार लावून का बसायचीस, श्रावणातल्या उकाड्यात पदर गळ्याभोवती का घ्यायचीस, सगळं. मी खाली आलो. तू बॅग भरत होतीस. एक शब्द बोलायचा होता मला, नको जाऊस. मी विचारलं, बॅग जड आहे का?

आणि मीच ती उचलली. करी रोडच्या पुलावर तू पुढे, मी मागे. दोन्ही बाजूंना बंद गिरण्या, उघडीप पडलेली, सगळीकडे पिवळं ऊन. स्वप्नात चालल्यासारखा मी चालत होतो. वाऱ्याने तुझा पदर सरकला आणि तुझा तीळ दिसला. त्याच्याखाली आणखी एक डाग होता, गोल, काळा पडलेला. तो माझ्या ओळखीचा नव्हता. तू पदर सारखा केलास, मागे वळलीस आणि विचारलंस, “काल का काढलंत?” मी म्हटलं, पोरं बघत होती. तू म्हणालीस, “आईला एकटीला दाखवायचं होतं. तेवढंच.” आणि परत चालायला लागलीस. मीही चालायला लागलो. तुझ्या सासरी बसून चहा प्यायलो. त्यात साखर जास्त होती.

का, असं तू विचारशील. मी पंधरा वर्षं विचारतोय. जावयाची भीती नव्हती मला. मी साठ घरांची अब्रू राखणारा माणूस होतो, आणि माझ्याच घरात नवऱ्याला सोडून आलेली पोर बसली असती तर दुसऱ्या दिवशी सभेत मी कुठल्या तोंडाने बसणार होतो? त्या बाईला जे करताना मी दुसऱ्यांच्या पोरांना बघू देत नव्हतो, तेच माझ्या पोरीने करायला हवं होतं, आणि ते कळूनही मी तुला पोचवून आलो. चार वर्षं तू त्या घरात काढलीस. सुटलीस ती तुझी तू, मांडीवर शर्वरीला घेऊन. माझा त्यात काही हात नव्हता.

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. आधी तुला सांगायचं होतं. ‘तिला सांगू नकोस’ असं म्हणणार नाही, तुला वाटेल ते कर. न सांगता पाडव्याला तुला दारात ओवाळून घेणं सोपं होतं. शर्वरी समोर बसली असती, मी आंधळ्यासारखा तिचा चेहरा चाचपला असता आणि तू मला माफ करून गेली असतीस. पण ती माफी तू दुसऱ्याच कुणाला तरी देत होतीस. मला ती नको. तू आपल्या मुलीच्या शेजारी बसतेस, तिला खरं सांगतेस, आणि मी या वयात तुला खोटं दाखवत बसू?

म्हणून हे वाचून मग ठरव. यायचं नसेल तर आईला मी अँटॉप हिलला आणून सोडीन, तिचा सण मोडू नये. इथे यायचं असेल आणि मी समोर नको असेन, तर मी सकाळीच शिवडीला माझ्या भावाकडे जाऊन बसेन, संध्याकाळी तुम्ही गेल्यावर येईन. आणि मी घरी असलेला चालणार असेल, तर एवढंच कर, माझ्याकडे बघून ‘तुम्हाला कुठं माहीत होतं’ असं म्हणू नकोस.

तुझा बाप,
ज्याला शुक्रवारी दुपारी अडीच वाजल्यापासून माहीत होतं,
गणपत